घाटात मागे राहणाऱ्या दाजींचं काय करायचं?

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एकतीस वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे. मित्र आणि नातेवाईक मिळून त्यांचा नऊ दुचाकींचा ग्रुप आहे. त्यात 390 सीसीपासून 125 सीसीपर्यंत सगळं आहे आणि एक स्कूटरही. गेल्या वेळी ताम्हिणी घाट उतरताना त्यांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, उजव्या वळणावर डाव्या कडेच्या खडीवर घसरून पडले. मागे ताई बसली होती. दाजींचा मनगटाचा सांधा दुखावला, ताईचा गुडघा सोलला. त्याआधी चहाच्या टपरीवर सगळे वीस मिनिटं दाजींची वाट बघत होते आणि ते पोहोचल्यावर कोणीतरी म्हणालं होतं, "दाजी, जरा ओढा की, जेवायला उशीर होतोय." आता दिवाळीनंतरच्या रविवारी पुणे, ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पसरणी घाट, वाई आणि परत पुणे असा एका दिवसाचा बेत आहे. ग्रुपमधल्या दोन वेगवान मित्रांचं म्हणणं, दाजींना या वेळी नको. दाजींना यायचं आहे. ताई नको म्हणते. वाचक विचारतात: दाजींना नाही कसं म्हणू? का सगळ्यांना 40चा वेग ठरवून देऊ आणि एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही असा नियम करू? आणि ताईला कसं समजवू?

तुमच्या पत्रात दोन वाक्यं शेजारी आली आहेत, ती परत एकदा वाचा. आधी दाजींना कोणीतरी "ओढा" म्हणालं, आणि मग पुढच्या वीस मिनिटांत ते पडले. तोपर्यंत साठ-सत्तर किलोमीटर ते आपल्या चालीने, मागे ताईला घेऊन, नीट आले होते. म्हणजे हळू चालवतात म्हणून ते पडले, असं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही. स्वतःची चाल सोडून दुसऱ्याच्या चालीने गेले तेव्हा पडले. तुम्ही दाजींना वगळलंत तरी ग्रुपमध्ये शेवटची गाडी कुणाची तरी असणारच, आणि पुढच्या वेळी "ओढा" त्यालाच ऐकावं लागेल.

आता नजरेआड न होण्याच्या नियमाबद्दल. तुमच्या मनात काळजी आहे हे कळतं, पण घाटात हाच नियम माणसं पाडतो. कसं ते बघा. पुढची गाडी वळणातून 25ने बाहेर पडते आणि सरळ तुकड्यावर 50ला जाते. त्या वेळी नववी गाडी अजून मागच्या वळणात 25वरच असते. ती सरळ रस्त्यावर येईपर्यंत पुढची पुढच्या वळणाआड गेलेली असते. मग नजरेत यायचं म्हणून नववा माणूस त्याच तुकड्यावर 60-65 करतो, आणि पुढचं वळण त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेगात लागतं. रबर ताणून सोडल्यासारखा हा धक्का प्रत्येक वळणागणिक मागे मागे वाढत जातो. ज्याची गाडी सगळ्यात लहान आणि हात सगळ्यात कच्चा, तोच बहुतेक वेळा शेवटी असतो, आणि वेडावाकडा वेग त्याच्याच वाट्याला येतो. 40चं बंधन घालूनही हे सुटत नाही. केसांच्या पिनेसारख्या (हेअरपिन) वळणाला 40 फार होतात, तिथे 15-20च लागतात. आणि रुंद, मोकळ्या तुकड्यावर 40 धरून बसलं की मागे एसटी हॉर्न देत चिकटते.

म्हणून माझं सांगणं असं: घाटात ग्रुप वळणांवर एकत्र ठेवू नका, फाट्यांवर एकत्र ठेवा. दोन फाट्यांमधला घाट ज्याने त्याने आपला आपण चालवायचा.

याची रीत सोपी आहे. सगळ्यात पुढे एकच ठरलेला माणूस, सगळ्यात मागे एकच ठरलेला माणूस. हे दोघं दिवसभर बदलायचे नाहीत. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढाऱ्याच्या लगेच मागचा, म्हणजे दुसरा गडी थांबतो. गाडी रस्त्याबाहेर, फाट्यानंतर, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी लावतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. शेवटचा माणूस आला की मग हा निघतो आणि त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्याला जो दुसरा असेल तो थांबतो. तुमच्याच वाटेवरचं उदाहरण घ्या. ताम्हिणी उतरल्यावर विळ्याजवळ एक रस्ता कोलाडकडे जातो आणि दुसरा निजामपूरवरून माणगावला. तिथे कुणी उभं नसेल तर चुकणारा बराच पुढे गेल्यावर सावध होतो. पोलादपूरला महामार्ग सोडून महाबळेश्वरकडे वळायचं ती दुसरी जागा. तुमच्या अख्ख्या वाटेवर अशा आठ-दहा जागा निघतील. त्या आदल्या दिवशी नकाशावर खुणा करून सगळ्यांना पाठवा, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायला सांगा. ताम्हिणीच्या पट्ट्यात रेंज जाते, तिथे व्हॉट्सॲपच्या भरवशावर राहता येत नाही.

ही रीत चालायची तर एक गोष्ट अगदी पक्की हवी: थांबलेल्याने शेवटचा माणूस दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तरी नाही. "बहुतेक गेले असतील सगळे" म्हणून एक जण निघाला की साखळी तुटली. म्हणून शेवटच्या माणसाला ओळखू येईल असं काहीतरी द्या, पिवळं किंवा नारिंगी जाकीट पुरतं.

नऊ गाड्या एका माळेत नेऊ नका. चार आणि पाच अशा दोन तुकड्या करा, मध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, आणि प्रत्येक तुकडीला आपला पुढारी आणि आपला शेवटचा माणूस द्या. नऊ गाड्यांची माळ ओलांडायला मागच्या गाडीवाल्याला जागाच मिळत नाही, मग तो मध्येच घुसतो. सपाट रस्त्यावर दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर धरतात. म्हणजे पुढची गाडी कडेच्या एखाद्या दगडापासून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणून होईपर्यंत तुम्ही तिथे पोहोचता कामा नये. 40च्या वेगाला हे 22 मीटर होतात. घाटात चार सेकंद धरा. आणि महामार्गावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी तिरकी रांग ठीक असली तरी घाटात ती मोडा. वळणात प्रत्येकाला आपल्या बाजूची पूर्ण रुंदी वापरायला लागते.

दाजींना कुठे ठेवायचं? पुष्कळ जण नवख्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवतात, की पुढारी आरशात बघून आपला वेग कमी-जास्त करील. महामार्गावर हे चांगलं. घाटात मात्र त्या माणसाची नजर पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटते. पुढच्याने ब्रेक दाबला की हा दाबतो, पुढचा झुकला की हा झुकतो, मग त्याची स्वतःची गाडी तिथवर पोहोचलेली असो-नसो. शिवाय आपल्या रीतीत दुसऱ्याला फाट्यावर थांबायचं काम असतं. म्हणून दाजी दुसऱ्या तुकडीत, कायम शेवटच्या माणसाच्या पुढे; त्या तुकडीत फाट्यावर थांबलेल्याने निघताना दाजींच्या पुढे लागायचं. आणि त्या शेवटच्याला बजावून सांगा की दाजींच्या आरशात तुझा दिवा मोठा दिसता कामा नये, साठ-सत्तर मीटर मागे राहा. मागे कुणीतरी टेकलंय असं वाटलं की माणूस नकळत ओढायला लागतो.

शेवटचा माणूस कोण, हा प्रश्न बहुतेक ग्रुप उलटा सोडवतात. ज्याला जमत नाही तो मागे राहतो आणि आपोआप शेवटचा ठरतो. खरं तर तिथे तुमच्यातला सगळ्यात तयार गडी हवा. ज्याला पंक्चर काढता येतं, जो घाबरत नाही, ज्याची गाडी दुसऱ्याचं सामान किंवा दुसरा माणूस घेऊन चढू शकते. तुमच्या त्या दोन वेगवान मित्रांपैकी एकाला हे काम देऊन बघा, मान म्हणून द्या. दुसऱ्याला पहिल्या तुकडीचा पुढारी करा. कुणासाठी वळणावळणाला थांबावं लागणार नाही म्हटल्यावर त्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल. तरीही त्यांना नको असेल तर त्यांनी वेगळं निघावं आणि जेवायला महाडला भेटावं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्यांनाही आपल्या चालीने जायचा हक्क आहे.

थांब्यांची एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुढचे चहाला पोहोचतात, पंधरा मिनिटं पाय पसरून बसतात. शेवटचा येतो, हेल्मेट काढतो, आणि पुढचे उठतात, "चला, निघूया." म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि दिवसभरात पाच थांबे झाले तरी तो पाचही वेळा थकलेलाच निघतो. तुमच्या चहाच्या टपरीवर नेमकं हेच झालेलं दिसतं. नियम करा: थांब्याची वेळ शेवटच्या माणसाने हेल्मेट काढल्यापासून मोजायची, आणि किमान पंधरा मिनिटं.

आता बेताकडे येऊ, कारण खरी चूक मला तिथेही दिसते. तुमची वाट सुमारे 310 किलोमीटरची आहे. त्यातले 115 तरी वळणांचे. वळणांत ग्रुपची सरासरी 28च्या वर जात नाही, म्हणजे चार तास. उरलेले 195 किलोमीटर 45च्या सरासरीने धरले तर साडेचार तासांना थोडे कमी. नाश्ता पाऊण तास, जेवण एक तास, अर्ध्या अर्ध्या तासाचे तीन थांबे, पेट्रोलला दोनदा पाव तास. बेरीज सव्वाबारा तास. पहाटे सहाला निघालात तर संध्याकाळी सव्वासहाला पुण्यात, तेही एकही पंक्चर न होता. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. रविवारी दुपारनंतर महाबळेश्वर-पाचगणीहून उतरणारी गर्दी पसरणी घाटात साचते, ती या हिशेबात धरलेलीच नाही. उसाचा हंगाम सुरू झाला असेल तर वाईनंतरच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि अगदी शेवटी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जाणारा उतार, जिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेले सगळ्या पुण्याला माहीत आहेत. तिथे दिवसभर दमलेले नऊ जण अंधारात पोहोचणार. जेवायला उशीर होतोय म्हणून ओढायला लावणारा खरा दोषी हा कागदावरचा बेत असतो.

दोन वाटा आहेत. एक, बेत दोन दिवसांचा करा. पहिल्या दिवशी महाबळेश्वरपर्यंत साधारण 190 किलोमीटर, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी 120. यात आंबेनळी चढायचा येतो हे आणखी चांगलं, कारण चढताना गाडी आपोआप आवरते. दुसरी, एका दिवसाचंच हवं असेल तर ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या, सव्वादोनशेच्या आत होतं. दुपारी तीनला परत घाटाला लागायचं, उजेडात वर यायचं. मला विचाराल तर दाजी पडल्यानंतरची पहिली सहल ही दुसरी असावी. तोच घाट, ओळखीची वळणं, घाई नाही.

दाजींचं घसरणंही जरा जवळून बघू, कारण असंच पडणारे पुष्कळ असतात. उतारावरचं उजवं वळण. वेग जरा जास्त असला की गाडी बाहेर, म्हणजे आपल्या डाव्या कडेला ओढली जाते. पावसाळ्यानंतर कडेला वाहून आलेली खडी आणि माती नेमकी तिथेच साचलेली असते. माणूस घाबरतो, त्या खडीकडेच बघतो, आणि जिकडे नजर तिकडे गाडी जाते. मग झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, पुढचं चाक धरून बसतं आणि निसटतं. उपाय सगळा वळणाच्या आधी आहे. सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवायचा, गिअर पाडायचा, आणि वळणात हलकासा ॲक्सिलरेटर ठेवून नजर वळण जिथे संपतं तिथे न्यायची. किती वेग उतरवायचा? जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. कोरड्या रस्त्यावर 40च्या वेगाला सावध व्हायला आणि थांबायला मिळून 23 मीटर लागतात, 60ला 44. आंधळ्या वळणाला पुढे वीसच मीटर दिसत असतील तर 40सुद्धा जास्त झाले. समोरून एसटी येत असेल तर तिला त्या वळणाला तुमची बाजूही लागते. आधी हॉर्न द्या, आणि तिचा येतोय का ते ऐका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातलाही नियम आहे.

उतारावर जुन्या ड्रायव्हरांचं एक सूत्र आहे, ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा. 125 सीसीवर दोघं असाल तर बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरू नका. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके खाली पोहोचता पोहोचता धरेनासे होतात. तुमच्यातल्या स्कूटरवाल्याला हे मुद्दाम सांगा: वेग फार कमी झाला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावायला लागते. थोडासा ॲक्सिलरेटर दिला की क्लच परत धरतो आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. दर काही किलोमीटरला सपाटीवर थांबून ब्रेक निवू द्या.

ओव्हरटेक ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी करायचं. पुढच्याने ट्रक ओलांडून हाताने "ये ये" केलं तरी त्याला दिसतो तो रस्ता तुम्हाला दिसत नसतो, आणि तो हात करेपर्यंत रस्ता बदललेला असतो. ट्रकवाल्याचा उजवा इंडिकेटर पुढे जा सांगतो की स्वतः वळतोय, हेही ठामपणे कळत नाही. ग्रुपमध्ये हात करायला बंदीच घाला.

गाड्यांची तयारी आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नको. दोघं बसणाऱ्या गाडीच्या मागच्या टायरला एकट्यापेक्षा जास्त हवा लागते. आकडा चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, आणि हवा टायर थंड असताना मोजायची. मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन घरं कडक करा. मऊ राहिली तर गाडी मागून बसते, वळणात स्टँड किंवा फूटरेस्ट घासतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चेन बोटाने वरखाली हलवून 20-30 मिलिमीटर सैल असावी. टायर झिजून त्याच्या खाचेतली झीज दाखवणारी खूण वरच्या रबराच्या पातळीला आली असेल तर तो बदला, घाटाला तो नको. शेवटच्या माणसाच्या पिशवीत ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि पंप, ट्यूबवाल्या गाड्यांच्या मापाची एक एक ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, प्लग, फ्यूज, चेनचं लॉक. पेट्रोलचे थांबे सगळ्यात लहान टाकीच्या हिशेबाने ठरवा आणि ताम्हिणीला लागण्याआधी, पिरंगुट-पौडकडे, सगळ्यांनी टाक्या भरा.

अपघात झालाच तर आठ जण पडलेल्याभोवती गोळा होतात आणि मागून येणारी गाडी त्यांच्यावर येते. म्हणून पहिले दोघं पडलेल्याकडे धावायचे नाहीत. एक वळणाच्या वर, एक खाली, पन्नासेक मीटरवर जाऊन हातात कपडा घेऊन गाड्या थांबवायच्या. बाकी गाड्या वळणापासून लांब लावायच्या. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही. रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112. प्रत्येकाच्या खिशात घरचा नंबर आणि रक्तगट कागदावर लिहिलेला असावा, कारण फोन लॉक असतो.

राहिली ताई. तिला समजवायचं कसं, असं तुम्ही विचारता. मी म्हणेन समजवू नका. गुडघा तिचा सोलला आहे, आणि पडण्याआधीचं "ओढा" तिने मागे बसून ऐकलं आहे. तिला बदललेला बेत दाखवा: तुकड्या, थांबे, परतीची वेळ. मग तिने नको म्हटलं तर ते उत्तर मानायचं. ती चारचाकीने माणगावला येऊन जेवायला भेटली तरी सहल तिचीही होते, आणि सामान, औषधं, जास्तीची पाण्याची बाटली त्या गाडीत जाते. मागे बसून यायचं तिने ठरवलं तर आयएसआय मार्कचं हेल्मेट, ओढणी बांधून आत, पाय झाकणारे बूट. दोन्ही हातांनी मागचा ग्रॅबरेल किंवा दाजींची कंबर धरायची आणि वळणात दाजींच्या आतल्या खांद्यावरून बघायचं. उलट बाजूला झुकायचं नाही, एवढंच.

ग्रुपवर काहीही टाकण्याआधी दाजींना फोन करा, आणि तुम्ही स्वतः करा. त्यांना यायचंय एवढंच तुम्हाला माहीत आहे; मनगट पूर्ण बरं झालंय का, क्लच दाबताना दुखतं का, घाट उतरताना भीती वाटते का, हे कुणी विचारलेलं पत्रात दिसत नाही. त्या दिवशीच्या "ओढा"बद्दल ज्याने म्हटलं त्याच्या वतीने माफी मागा. आणि विचारा की पडल्यानंतर गाडी मेकॅनिकला दाखवली का. घसरलेल्या गाडीचं हँडल किंचित वाकतं, पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकून लवकर टेकतो, पुढचे शॉकअप पिळवटतात आणि गाडी सरळ धरली तरी एका बाजूला ओढते. शहरात हे जाणवत नाही. मोकळ्या रस्त्यावर 40ला हात सैल सोडून बघा, गाडी डावीकडे किंवा उजवीकडे जात असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत सहलीची तारीख पुढे ढकला.